नाक मेल्यावर

सेप्टिक टाकीचं झाकण पहारीनं उचकटलं की पहिला भपका अंगावर येतो. तो वरवरचा. टाकीत तीन थर असतात: वर तरंगणारी साय, मध्ये गढूळ पाणी, तळाला गाळ. उपसा गाडीचा पाइप साय फोडून आत जातो, तळ ढवळतो आणि गाळात अडकून बसलेला वायू एकदम सुटतो. खरा वास तो. म्हणून जाणता गडी झाकण काढल्याबरोबर वाकून आत बघत नाही. झाकण बाजूला सरकवतो आणि वारा कुशीवर घेऊन उभा राहतो. पाठीवर घेतला तर छातीपुढं हवेचा भोवरा तयार होतो आणि खालचा वास तोंडाशी येऊन घुटमळतो.

दहा मिनिटं जातात. सोबतचं नवं पोरगं म्हणतं, "मामा, वास गेला बघा."

पाइप धरलेला मामा मान वर न करता सांगतो, "वास नाही गेला. तुझं नाक मेलंय. जरा लांब जाऊन उभा रा."

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या भागात घाण वासात राबणाऱ्या कामांची कमी नाही. कातडी कमावणं, तंबाखूच्या वखारी, गोबरगॅसचे खड्डे, पोल्ट्रीची विष्ठा, साखर कारखान्याच्या मळीचं पाणी. बाहेरच्याला वाटतं, ही माणसं वास सोसायला शिकलेली असतात. खरं तर सोसायला कुणी शिकत नाही, नाकच हळूहळू गप्प होतं. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. मोकळ्या हवेत थोडा वेळ थांबून परत आत गेलं की तोच वास पुन्हा पहिल्यासारखा अंगावर येतो.

यातून कामाच्या दोन परस्परविरुद्ध रीती निघतात, आणि त्यांची गल्लत जिवावर बेतते. वास नुसता किळसवाणा असेल, जसं उकिरडा उपसणं किंवा कुजलेले बटाटे निवडणं, तर सारखं बाहेर येऊन ताजी हवा घेणाऱ्याचे हाल जास्त होतात, कारण दर वेळी नाक नव्यानं जागं होतं. एका दमात काम उरकावं. पण खड्डा, टाकी, विहीर, हौद, जिथं हवा कोंडते, तिथं नेमकं उलट. तिथं वास येईनासा होणं हीच बाहेर पडायची खूण. आपल्याकडं घाणीत न डगमगता उभं राहणाऱ्याला 'पक्का गडी' म्हणतात; खड्ड्याच्या कामात असा पक्का गडीच आधी जातो.

मराठीत घाण वासाला शब्दांची ददात नाही. कुबट, आंबूस, खवट, कुजट, उग्र, दर्प, भपका. आमचा कानडी शेजारी दुर्गंधीला 'नात' म्हणतो, तेव्हा पुण्याहून आलेला पाहुणा कुणाच्या नातीचं कौतुक चाललंय म्हणून आजूबाजूला बघतो. गंमत सोडा, हे शब्द नुसते चवीचे नाहीत. आंबूस म्हणजे आम्ल, मासळीचा किंवा मुताचा म्हणजे अमोनियाच्या गोतावळ्यातला, कुजक्या अंड्याचा म्हणजे गंधकाचा. काम आटोपल्यावर अंगाचा वास कशानं जाईल, ते या शब्दावर ठरतं. त्याकडं शेवटी येऊच.

अथणीत बनणाऱ्या कोल्हापुरी चपलेचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. कोल्हापुरी चपलेला मिळालेलं भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपूर. दुकानात चप्पल नाकाशी नेऊन 'अस्सल चामड्याचा वास' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या वासाच्या आधीचे तीन वास माहीत नसतात.

पहिला ओल्या कातड्याचा. चपलेच्या तळाला म्हशीचं जाड कातडं लागतं. जनावर सोलल्यावर उन्हाळ्यात चार-पाच तासांत मीठ लागलं नाही तर मांसाकडच्या बाजूनं कुजायला सुरुवात होते. 25 किलोच्या ओल्या कातड्याला 8 ते 10 किलो मीठ लागतं. हात आखडला की तिथं सडतं. कातडं चांगलं की वाया, हे वासावर ठरवू नये, कारण वास दोन्हीला येतो. पोटाकडचे केस चिमटीत धरून ओढावेत. झुपकाच्या झुपका हातात आला तर मुळं सुटलीत, आणि त्या जागी पुढं चामड्यावर खड्डे दिसणार.

दुसरा वास चुन्याच्या हौदाचा. मीठ आणि रक्त धुऊन काढलेलं कातडं चुन्याच्या निवळीत टाकायचं, रोज वर-खाली करायचं, आठवडाभर तरी ठेवायचं. चुना केसांची मुळं सैल करतो आणि कातडं फुगवतो. नव्या निवळीला फारसा वास नसतो. जुनी, आधी दोन-तीन घाणे काढलेली निवळी केस लवकर सोडवते, पण तिच्यातून अमोनियाचा असा दर्प उठतो की डोळ्यांतून पाणी येतं. ती लवकर काम करते म्हणून लोभ सुटतो. मात्र त्यात कातडं चार दिवस जास्त राहिलं तर आतले धागे सुटतात, चामडं भुसभुशीत होतं आणि तळ वर्षभरात बसतो.

मग येतो तो टप्पा जो जवळून बघावा. ओलं, निसरडं, पांढुरकं कातडं गोल ओंडक्यावर पालथं टाकलेलं. बोथट सुरीनं वरून खाली रेटत केस काढायचे. केस करड्या चिखलासारखे पातीवर जमतात आणि झटकले की पायाशी पडतात. नंतर कातडं उलटून धारदार रापीनं चिकटलेलं मांस आणि चरबी तासायची. पात जरा तिरकी गेली की चीर पडते आणि तेवढं कातडं हलक्या भावात जातं. दोन्ही हात गुंतलेले, तोंड त्या चिखलापासून हातभर अंतरावर. नाकाला रुमाल बांधला तर तो खाली घसरतो आणि सावरायला चुन्याचा हात वर न्यावा लागतो. म्हणून रुमाल कुणी बांधत नाही. बघणाऱ्याला हा बेफिकीरपणा वाटतो. डोळ्यात चुना जाण्यापेक्षा नाकात वास गेलेला बरा, एवढा साधा हिशेब त्यामागं असतो.

केस काढल्यावर चुना धुऊन काढावा लागतो, आणि घाई नेमकी इथंच नडते. आत चुना राहिला तर पुढं कातडं पिकवायला वापरायच्या सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, त्याला धरतं, चामडं काळवंडतं आणि वाकवलं की तडकतं. कडेचा पातळ काप घेऊन त्यावर फिनॉल्फथॅलीन या रसायनाचा थेंब टाकला आणि मधली रेघ गुलाबी झाली, तर आत अजून चुना आहे.

तिसरा वास बाभळीची साल आणि हिरड्याचा. आधी पातळ काढा, मग घट्ट. उलट केलं तर वरचा पापुद्रा पटकन पिकतो, त्याच्याआड काढा शिरत नाही आणि मधला भाग कच्चा राहतो. पावसाळ्यात भिजल्यावर ज्या चपलेला कुजका वास सुटतो, तिचा तळ बहुधा असा पोटात कच्चा राहिलेला असतो. शेवटी कातड्याच्या कडा शिवून पिशवी करतात, लाकडी घोड्यावर टांगतात, आत साल आणि काढा भरतात. काढा कातड्यातून पाझरून खालच्या घमेल्यात टपकतो, तोच पुन्हा वर ओततात. दिवसा-दोन दिवसांनी पिशवी उलटी टांगून तळाकडची बाजू वर आणतात. घमेलं लोखंडी नको, लोखंड लागलं की काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. एव्हाना हवेत तुरट, थोडासा गोडसर, पहिल्या पावसात भिजलेल्या बाभळीसारखा वास असतो. मीठ लावल्यापासून इथवर यायला महिना-सव्वा महिना जातो. या कामाचा वास माणसांना जातीनं वाटून दिला गेला आणि चपलेचं कौतुक तेवढं सगळ्यांनी वाटून घेतलं, हेही इथंच बोललं पाहिजे.

निपाणीच्या तंबाखूचा मामला वेगळा. तिथं नाक मरत नाही, कारण त्रास वासाचा कमी आणि झोंबण्याचा जास्त. झोंबणं नाकाच्या वेगळ्या मज्जातंतूंतून कळतं आणि ते वासासारखं चटकन बोथट होत नाही. वखारीत तंबाखू बडवताना, चाळताना उडणारा बारीक खकाणा, म्हणजे धूळ, आणि त्याचा झोंबरा दर्प घशात बसतो; पहिल्या दिवशी ठसका, दहाव्या वर्षीही ठसकाच. याच तंबाखूच्या दरासाठी 1981 मध्ये निपाणीत शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, गोळीबारात माणसं गेली. त्या दरात खकाण्याची किंमत कुणी धरली नव्हती, आजही धरत नाही. इथं मात्र साध्या मास्कचा खरोखर उपयोग होतो. एन-95 धूळ अडवतो; तो नाकाच्या हाडावर नीट दाबून बसवायचा आणि आतून दमट झाला की बदलायचा. पदर दुमडून बांधल्यानं जाड धूळ थांबते, बारीक नाही. संकेश्वरी मिरची कांडणाऱ्या गिरणीलाही हेच लागू. शेतात खुडणी करणाऱ्यांनी पहाटे दवात भिजलेली पानं उघड्या हातानं हाताळू नयेत. निकोटीन ओल्या पानावरून कातडीत उतरतं आणि दुपारपर्यंत मळमळ, उलटी, गरगरणं सुरू होतं. बायका म्हणतात, 'वास बाधला.' वास बाधत नाही, पान बाधतं. लांब बाह्या घालून पानं सुकल्यावर खुडायला घेतली की फरक पडतो.

पण एन-95 लावून कुणी टाकीत उतरायला निघाला तर त्याला हाताला धरून मागं ओढावं. तो मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही. ओला रुमालही नाही. नाकाखाली बाम लावणं, तोंडात लवंग ठेवणं यानं घाण वास झाकला जातो, हवा बदलत नाही. उकिरड्यावर बाम चालेल. खड्ड्यावर तो गजर बंद करून झोपण्यासारखा. कामाआधी दारू पाजण्याची रीत तर साफ घातकी. ती मुकादमाच्या सोयीची असते. किळस मरते आणि गरगरू लागल्यावर बाहेर पडायची शुद्धही तिच्याबरोबर मरते.

कुजक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या दहा लाख भागांत एक भाग असला तरी नाकाला तो स्पष्ट कळतो, त्याहून कमी असला तरी कळतो. 100 भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत वास येणंच बंद होतं. ही नुसती सवय नसते, वासाची नसच लुळी पडते. 500 ते 700 भागांत माणूस पाचेक मिनिटांत कोसळतो, हजाराच्या घरात एक-दोन श्वासांत. तो हवेपेक्षा जड असल्यानं तळाशी साचतो. म्हणजे काठावर वाकून घेतलेला वास तळाबद्दल काहीच सांगत नाही.

गोबरगॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि किंचित हा गंधकाचा वायू. पहिल्या दोघांना वासच नाही. शेण आणि पाणी सारख्या मापानं कालवून रोज घातलं तरी खडी, माती, काडीकचरा काही वर्षांत तळाला बसतो, गॅस कमी येतो आणि खड्डा उपसायची वेळ येते. आधी शेण घालणं थांबवायचं, गॅस जाळून संपवायचा, वाल्व उघडा ठेवायचा, आसपास विडी-काडी बंद. बाहेर पडायच्या तोंडातून शेणाची पातळ रबडी पंपानं किंवा लांब दांड्याच्या डब्यानं वरूनच काढायची. मग तळापर्यंत पाइप सोडून पंख्यानं हवा मारायची. नुसतं झाकण उघडं ठेवल्यानं जड वायू निघत नाही. आणि उरलेला गाळ काढायलाही कुणी उतरायचं असेल तर वरून हवा पुरवणारा मास्क, कमरेला दोर आणि काठावर दोर धरणारी दोन माणसं हवीत. एवढं जमत नसेल तर पाणी मारून गाळ पातळ करावा आणि पुन्हा पंप लावावा.

विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची जुनी रीत चांगली होती, पण तिची हद्द ओळखावी. प्राणवायू कमी असेल तर कंदील विझतो, हे खरं. गंधकाच्या वायूनं माणूस मेला तरी कंदील मात्र जळत राहील. आणि गोबरगॅसच्या खड्ड्यात कंदील सोडणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. विहिरीचं पाणी खोल गेलं म्हणून डिझेल इंजिन खाली उतरवतात, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर पूर्ण बिनवासाचा. अशा जागी पहिला गडी पडतो, त्याला काढायला भाऊ उडी मारतो, त्याला काढायला चुलता. म्हणून एक गडी पडला की दुसऱ्यानं उतरायचं नाही, दोर ओढायचा. दोर आधीच बांधलेला नसेल तर पंख्यानं हवा मारत अग्निशमन दलाची वाट बघायची. काठावर उभं राहून आपलं माणूस खाली दिसत असताना थांबणं किती अवघड असतं, हे सांगायला नको.

माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हे घरमालकालाही लागू. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये भरपाई 30 लाख रुपये केली. टाकी दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून उपसली, थोडा गाळ जिवाणूंसाठी मागं ठेवला आणि हवेचा पाइप छपरापेक्षा उंच नेला की कुणाला उतरायची वेळ येत नाही. दहा वर्षं झाकण न उघडलेल्या टाकीत तळ दगडासारखा धरतो, गाडी तो ओढू शकत नाही, आणि मग मालक दबक्या आवाजात विचारतो, 'कुणी उतरेल का?'

घरातल्या वासांचं त्या मानानं सोपं. बंद खोलीतल्या न्हाणीला गटाराचा वास येत असेल तर बहुतेक वेळा जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या बाकातलं, पाणी वाळलेलं असतं. दोन तांबे पाणी ओतावं, महिनाभर गावाला जायचं असेल तर वर चमचाभर गोडेतेल, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. तिथं ॲसिड ओतून वर ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांना हात जोडावेत. दोन्ही मिसळून क्लोरीन सुटतो. कौलारू घराच्या माळ्यावर मेलेला उंदीर शोधायला नाकापेक्षा हिरव्या-निळ्या माश्या बऱ्या. औषध खाल्लेला उंदीर पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो, ही दुकानदाराची थाप. रक्त न गोठू देणारं औषध चढायला तीन-चार दिवस लागतात आणि तो बहुधा आपल्या बिळातच मरतो. सापडला की कोरडा झाडू न लावता आधी ब्लीचच्या पाण्यानं भिजवावा आणि दुहेरी पिशवीत बांधावा. शोधायचा कंटाळा केला तर वास आठवडा-दोन आठवडे राहतो.

आता हात धुण्याचं. मासळी आणि अमोनियाच्या वासाला आंबट लागतं: चिंच, लिंबू, आमसूल. मासळीच्या कालवणात आमसूल पडतं ते नुसतं चवीला नव्हे. आंबलेलं दूध, उलटी यांच्या वासाला उलट खाण्याचा सोडा. गंधकाच्या वासाला घरगुती उतारा नाही. कपडे वाऱ्यावर टाकावेत. केस साबणानं दोनदा धुवावेत, कारण वास तेलात मुरतो. अंघोळीनंतरही वास येतोच आहे असं वाटलं तर तो बहुतेक नाकातच असतो. कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुतलं की जातो.

टाकी उपसायला माणसं बोलावणाऱ्यानं एवढं आधीच मांडून ठेवावं: दोन बादल्या पाणी, चिंचेचा कोळ, तेल, पंचा आणि साबण. अंगणातला नळ दाखवावा, वरून पाणी ओतायला उभं राहू नये. साबण नवा द्यावा, न्हाणीतली झिजलेली चिपटी नव्हे, आणि तो परत मागू नये.